विमानाच्या इंजिनातली काजळी मोजायची कशी: प्रोबच्या तोंडापासून शेवटच्या आकड्यापर्यंत

जेट इंजिनाची काजळी मोजायची म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो इन्स्ट्रुमेंट कुठलं घ्यायचं हा. खरं तर तो चौथा-पाचवा यायला हवा. इन्स्ट्रुमेंट कितीही भारी घ्या, त्याला दिसतात ते फक्त त्याच्या तोंडाशी पोचलेले कण, आणि नोझलपासून, म्हणजे इंजिनाच्या मागच्या तोंडापासून, तिथपर्यंत येईस्तोवर बरेच कण वाटेतच पाइपाला चिकटून संपलेले असतात, काही एकमेकांना चिकटून दोनाचा एक झालेले असतात, काहींच्या अंगावर ॲसिडचा नि न जळलेल्या इंधनाचा थर चढलेला असतो. इन्स्ट्रुमेंटला यातलं काहीच कळत नाही, ते बापडं जे समोर आलं ते मोजून आकडा देतं. त्यामुळे खाली जे लिहिलंय त्यातला बराचसा भाग पाइपाबद्दल आहे, कंटाळा येईल पण वाचा.

आधी मोजायचं काय ते पक्कं करू. इंजिनातून निघणारे कण दोन जातीचे. पहिली जात म्हणजे कंबस्टरमध्ये (इंजिनात इंधन जळतं त्या भागात) जिथे इंधन जास्त आणि हवा कमी पडते तिथे तयार होणारी खरी काजळी, मुख्यतः कार्बन. दुसरी जात म्हणजे सल्फ्युरिक ॲसिड, न जळलेले हायड्रोकार्बन, लुब्रिकेटिंग ऑइलची वाफ वगैरे, जी नोझलपाशी अजून गॅसच असते आणि धूर थंड झाला की तिचे बारीक थेंब होतात किंवा ती काजळीवरच जाऊन बसते. दुसऱ्या जातीचा आकडा हवेचं तापमान, अंतर, इंधनातलं सल्फर यावर इतका बदलतो की त्यावरून दोन इंजिनांची तुलना करणं अवघड. म्हणून सर्टिफिकेशनसाठी (इंजिनाला नियमाप्रमाणे मंजुरी मिळवण्यासाठी) व्याख्याच अशी केलीय की नोझलच्या एक्झिटला असलेले आणि ३५० अंश सेल्सिअसला तापवूनही वाफ न होणारे कण, यालाच नॉन-व्होलाटाइल पार्टिक्युलेट मॅटर म्हणजे एनव्हीपीएम म्हणतात. पुढे काजळी म्हटलं की हेच समजा.

हे कण किती बारीक, तर बहुतेक इंजिनांत सरासरी आकार साधारण १५ ते ६० नॅनोमीटर. डिझेल गाडीच्या काजळीपेक्षाही लहान. मायक्रोस्कोपखाली बघितलं तर द्राक्षाच्या घडासारखं दिसतं, छोटे छोटे गोळे एकमेकांना चिकटलेले. हा आकार आणि हे रूप लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा त्रास यातूनच येतो.

जुनी पद्धत होती स्मोक नंबरची. फिल्टर पेपरमधून ठरावीक धूर ओढायचा, पेपर किती काळा झाला ते रिफ्लेक्टोमीटरवर बघायचं, झालं. तिचा उद्देश एवढाच होता की विमानामागे डोळ्यांना दिसणारा काळा धूर नको. तेवढं काम तिने चोख केलं, पण आजच्या इंजिनाला स्मोक नंबर इतका कमी येतो की त्यावरून वजन सांगता येत नाही, आणि कणांची संख्या तर नाहीच नाही. म्हणून आयकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) कमिटीने २०१६ मध्ये मास कॉन्सन्ट्रेशनची, म्हणजे ठरावीक घनफळातल्या काजळीच्या वजनाची, मर्यादा मान्य केली, ती २६.७ किलोन्यूटनपेक्षा जास्त थ्रस्टच्या (ढकलणाऱ्या जोराच्या) इंजिनांना १ जानेवारी २०२० पासून लागू झाली, मग २०१९ मध्ये मास (वजन) आणि नंबर (कणांची संख्या) दोन्हीच्या लँडिंग-टेकऑफ सायकलवरच्या मर्यादा ठरल्या, त्या नव्या टाइपच्या इंजिनांना २०२३ पासून. नियम आयकाओच्या ॲनेक्स १६ च्या दुसऱ्या व्हॉल्यूममध्ये आहेत आणि मोजायची पद्धत एसएई या इंजिनिअरांच्या संस्थेच्या ई-३१ कमिटीने लिहिलेली आहे, एआरपी ६३२० नावाचं डॉक्युमेंट. सर्टिफिकेशन करायचं नसेल, नुसता रिसर्च असेल तरी ते समोर ठेवूनच सिस्टिम बांधा, नाहीतर तुमचा आकडा दुसऱ्या कोणाच्या आकड्याशेजारी ठेवता येणार नाही.

प्रोब: इथेच अर्धा खेळ

प्रोब, म्हणजे धूर ओढून घेणारी नळी, नोझलच्या एक्झिट प्लेनच्या जवळात जवळ, नोझलच्या व्यासाच्या निम्म्या अंतराच्या आत. जास्त मागे गेलात की बाहेरची हवा मिसळायला लागते, धूर थंड होतो आणि दुसऱ्या जातीचे कण तयार व्हायला लागतात. एक भोक असलेला प्रोब कधीच पुरत नाही कारण एक्झिटवर सगळीकडे धूर सारखा नसतो, एखाद्या फ्युएल नोझलच्या मागे दाट पट्टा असतो आणि शेजारी विरळ. म्हणून बरीच भोकं असलेला रेक (दांड्यासारखा आडवा प्रोब) किंवा क्रॉस आकाराचा प्रोब, आणि सगळ्या भोकांतून सारखा फ्लो यावा म्हणून प्रेशर ड्रॉपपैकी कमीत कमी ८० टक्के ड्रॉप भोकांवरच व्हायला हवा.

सॅम्पल खरंच इंजिनाचं प्रतिनिधी आहे का हे तपासायची एक झकास युक्ती स्टँडर्डमध्येच दिलीय. गॅस ॲनालायझरवरून सीओटू, सीओ, हायड्रोकार्बन घेऊन कार्बन बॅलन्सने एअर-फ्युएल रेशो काढा, आणि तोच रेशो इंजिनाच्या परफॉर्मन्स डेटावरून काढा. दोन्हींत १० टक्क्यांच्या आत फरक असेल तर ठीक, आयडलला (इंजिन सगळ्यात कमी जोरावर असताना) १५ टक्के चालतं. जमत नसेल तर काजळीचा आकडा कितीही सुंदर दिसत असला तरी पुढे जाऊ नका, प्रोबची जागा बदला किंवा भोकं तुंबलीत का बघा.

आणि इंजिन स्टार्ट होताना प्रोबमधून उलटा नायट्रोजन सोडून ठेवायचा, हे विसरायचं नाही. स्टार्टच्या वेळी न जळलेलं केरोसीन फवाऱ्यासारखं बाहेर येतं, ते एकदा लाइनमध्ये शिरलं की पुढचा सगळा दिवस तुम्ही तेच मोजत बसता.

लाइन: ८ मीटर गरम, मग डायल्यूशन, मग २५ मीटर

प्रोबपासून स्प्लिटरपर्यंतचा (धुराच्या वाटा फोडणाऱ्या जोडापर्यंतचा) पहिला भाग ८ मीटरच्या आत आणि १६० अंशाला गरम, प्लस-मायनस १५. गरम का, तर पाणी, ॲसिड, हायड्रोकार्बन यातलं काही भिंतीवर किंवा कणांवर बसू नये. तरीही इथे एक नुकसान टळत नाही. धूर ५००-६०० अंशाचा आणि भिंत १६० ची, मग कण गरमाकडून गाराकडे ढकलले जातात आणि भिंतीला चिकटतात, याला थर्मोफोरेसिस म्हणतात. गंमत म्हणजे या आकाराच्या कणांसाठी हे नुकसान आकारावर फारसं अवलंबून नसतं, त्यामुळे एका साध्या फॉर्म्युल्याने दुरुस्त करता येतं, ते पुढे येईलच.

स्प्लिटरवर तीन वाटा फुटतात. एक गॅस ॲनालायझरकडे, तीही १६० लाच. एक जास्तीचं प्रेशर बाहेर सोडायची, कारण टेकऑफ पॉवरला प्रोबमध्ये धूर जोरात घुसतो. आणि तिसरी आपली, काजळीची, जिच्यावर लगेच डायल्यूटर (स्वच्छ गॅस मिसळून धूर विरळ करणारा) बसतो. इजेक्टर टाइपचा डायल्यूटर, त्यात गरम केलेला स्वच्छ नायट्रोजन, आणि डायल्यूशन ८ ते १४ पट. हे दोन कारणांसाठी करायचं. एक म्हणजे पाणी नि ॲसिडचं प्रमाण इतकं खाली येतं की पुढे तापमान कमी केलं तरी कंडेन्सेशन होत नाही, आणि दुसरं म्हणजे कण एकमेकांपासून लांब जातात त्यामुळे वाटेत आपटून चिकटणं कमी होतं. कोॲग्युलेशनचा वेग कॉन्सन्ट्रेशनच्या वर्गाने वाढतो, म्हणजे १० पट डायल्यूशनने तो १०० पट खाली.

डायल्यूटरनंतर २५ मीटर लाइन, ६० अंशाला, फ्लो मिनिटाला २५ लिटर. मटेरियल कार्बन मिसळलेलं पीटीएफई. साधं टेफ्लॉन अजिबात नको, त्यावर स्टॅटिक चार्ज साठतो आणि कण भिंतीकडे ओढले जातात, कार्बन घातला की लाइन कंडक्टिव्ह होते आणि ती भानगड मिटते. स्टीलची नळी वाकवता येते पण २५ मीटर स्टील टेस्ट सेलमधून फिरवणं म्हणजे डोक्याला ताप.

इतकी लांब का, हे सगळेच विचारतात. मोठ्या इंजिनाच्या टेस्ट सेलमध्ये इन्स्ट्रुमेंट जवळ ठेवताच येत नाही, आवाज आणि व्हायब्रेशन सहन होत नाही. काहींना २० मीटर लागतील, काहींना २५. मग प्रत्येकाने आपापली लांबी ठेवली तर प्रत्येकाचं नुकसान वेगळं. त्यापेक्षा सगळ्यांनी २५ च ठेवा म्हणजे सगळे सारखेच चुकतील आणि ती चूक एकाच पद्धतीने दुरुस्त करता येईल. लहान सेल असेल आणि १० मीटरमध्ये भागत असेल तरी उरलेली १५ मीटर गुंडाळून ठेवा, बेंडची त्रिज्या मात्र नळीच्या आतल्या व्यासाच्या १० पटीपेक्षा जास्त हवी.

या २५ मीटरमध्ये जे नुकसान होतं ते डिफ्युजनचं, आणि ते लहान कणांना जास्त मारतं. १० नॅनोमीटरचा कण इतका इकडे-तिकडे उड्या मारत असतो की लाइनच्या शेवटी पोचायची शक्यताच कमी, १०० नॅनोमीटरचा मात्र जवळजवळ सुखरूप येतो. म्हणजे लाइनच्या टोकाला तुम्हाला मिळणारा नमुना मूळ धुरापेक्षा मोठ्या कणांच्या बाजूला झुकलेला असतो. वजनाला फार फरक पडत नाही कारण वजन मोठ्या कणांतच असतं, संख्येची मात्र वाट लागते.

टोकाला एक सायक्लोन, १ मायक्रोमीटरचा, म्हणजे त्याहून मोठे कण गोल फिरवून बाजूला काढणारा. तो काजळीसाठी नाहीच, काजळी त्याहून कितीतरी लहान. लाइनच्या भिंतीवर बसलेले थर कधीकधी सुटून ढेपा येतात, त्या अडवायला. सायक्लोनचं भांडं उघडून बघायची सवय ठेवा, लाइन किती मळलीय ते तिथेच कळतं.

मास आणि नंबर

माससाठी प्रत्यक्षात दोन तत्त्वं वापरात आहेत. एक फोटोअकूस्टिक, म्हणजे चालू-बंद होणारा लेसर कणांवर पाडायचा, काजळी तो शोषते, गरम होते, आजूबाजूची हवा फुगते-आकसते आणि त्याचा आवाज मायक्रोफोन ऐकतो. एव्हीएलचा मायक्रो सूट सेन्सर याच जातीचा. दुसरं लेसर इन्ड्यूस्ड इन्कॅन्डेसन्स, जोरदार लेसर पल्सने कण हजारो अंशाला तापवायचे आणि ते चमकतात तो प्रकाश मोजायचा, आर्टियमचं एलआयआय ३०० असं काम करतं. दोन्ही इन्स्ट्रुमेंट खरं वजन करत नाहीत, प्रकाशाशी संबंधित काहीतरी मोजून त्याचं वजनात रूपांतर करतात, त्यामुळे कॅलिब्रेशनवर सगळा भार.

कॅलिब्रेशन असं: डिफ्युजन फ्लेम बर्नरमधून काजळी तयार करायची, तीच एकीकडे इन्स्ट्रुमेंटला आणि दुसरीकडे क्वार्ट्झ फिल्टरवर द्यायची, मग फिल्टरवरचा एलिमेंटल (शुद्ध) कार्बन थर्मल-ऑप्टिकल पद्धतीने, म्हणजे तापवत नि प्रकाशाने बघत, काढायचा आणि दोन आकड्यांचा उतार जुळवायचा. इथे माझी एक कुरकुर आहे. बर्नरची काजळी नि इंजिनाची काजळी एकसारखी नसते, बर्नरचे कण सहसा मोठे, आणि बर्नर चुकीच्या सेटिंगवर चालवला तर त्यात ऑरगॅनिक कार्बन (हायड्रोकार्बनमधला) भरपूर येतो जो फिल्टरवर एलिमेंटलपासून वेगळा करताना हमखास घोळ होतो. म्हणून बर्नरची सेटिंग ठरवताना आधी ऑरगॅनिकचं प्रमाण बघा, मग बाकीचं. फोटोअकूस्टिकमध्ये काचा मळतात आणि झिरो सरकत जातो, प्रत्येक रनच्या आधी आणि नंतर झिरो घ्या, दोन झिरोंमधला फरक लिहून ठेवा.

नंबरसाठी आधी व्होलाटाइल पार्टिकल रिमूव्हर, त्यात पुन्हा डायल्यूशन आणि ३५० अंशाची गरम नळी किंवा कॅटॅलिटिक स्ट्रिपर (वाफ होणारा माल उत्प्रेरकावर जाळणारा). मला स्ट्रिपर बरा वाटतो, कारण नुसत्या गरम नळीत वाफ झालेला माल पुढे थंड होऊन परत थेंब होऊ शकतो, स्ट्रिपरमध्ये तो जळूनच जातो. रिमूव्हरमध्येही कण मरतात, आणि स्टँडर्ड म्हणतं की निदान १५ नॅनोमीटरला ३० टक्के, ३० ला ५५, ५० ला ६५ आणि १०० ला ७० टक्के पार व्हायला पाहिजेत. म्हणजे १५ नॅनोमीटरचे ७० टक्के कण गेले तरी इन्स्ट्रुमेंट पास! हे वाचून धक्का बसतो पण वस्तुस्थिती तीच आहे, म्हणून तुमच्या युनिटचा स्वतःचा पेनिट्रेशनचा (किती टक्के कण पार होतात त्याचा) तक्ता सर्टिफिकेटमधून काढून हाताशी ठेवा.

त्यानंतर कंडेन्सेशन पार्टिकल काउंटर. इतक्या बारीक कणाला प्रकाशाने बघता येत नाही, म्हणून ब्युटेनॉल या अल्कोहोलची वाफ त्यावर बसवून त्याला मोठा करायचा आणि मग मोजायचा. १० नॅनोमीटरला निदान ५० टक्के कण मोजले गेले पाहिजेत आणि १५ ला ९० टक्के. काउंटर एकेक कण मोजायच्या मोडमध्येच राहील इतकं दुसरं डायल्यूशन ठेवा, कण जास्त झाले की दोन कण एकाच वेळी येतात आणि एकच मोजला जातो. आणि ब्युटेनॉलची बाटली भरलीय ना ते रनच्या आधी बघा, टाकी संपली की काउंटर गुपचूप कमी आकडे दाखवायला लागतो आणि ट्रेंड बघून वाटतं इंजिन स्वच्छ झालं.

रनच्या दिवशी

सगळं निदान तासभर आधी गरम करा. लाइन बंद करून लीक चेक. मग नुसता नायट्रोजन सोडून मास आणि नंबर जवळजवळ शून्य येतात का बघा, येत नसतील तर लाइन मळलेली आहे किंवा डायल्यूटरचा फिल्टर गेलाय. इंजिन सुरू व्हायच्या आधी आणि बंद झाल्यावर बाहेरच्या हवेतलं बॅकग्राउंड घ्या.

मग पॉइंट. लँडिंग-टेकऑफ सायकलचे चार पॉइंट ठरलेले आहेत: आयडल ७ टक्के थ्रस्ट आणि २६ मिनिटं, ॲप्रोच ३० टक्के नि ४ मिनिटं, क्लाइंब ८५ टक्के नि २.२ मिनिटं, टेकऑफ १०० टक्के नि ०.७ मिनिट. ही मिनिटं हिशोबासाठी, इंजिन तितका वेळ चालवायचं असं नाही. फक्त हे चार घेऊन थांबू नका, मधलेही घ्या, कारण काजळीचा कर्व्ह सरळ नसतो, पुष्कळ इंजिनांत मास हाय थ्रस्टला वर जातो पण नंबर मध्येच कुठेतरी शिखर गाठतो, आणि स्टेज्ड लीन बर्न कंबस्टरमध्ये (जास्त हवेत, टप्प्याटप्प्याने इंधन जाळणाऱ्या) तर एका ठरावीक थ्रस्टला पायलट फ्लेमवरून मेनवर गेलं की काजळी धाडकन खाली पडते.

थ्रस्ट बदलल्यावर सगळे आकडे स्थिर होईस्तोवर थांबा. कंट्रोल रूममधल्यांना घाई असते, इंधन जळतंय म्हणून ते मागे लागतात, पण २५ मीटर लाइनमधून धूर यायला वेळ लागतो, इन्स्ट्रुमेंटचा स्वतःचा रिस्पॉन्स टाइम वेगळा, आणि इंजिनाचं तापमान स्थिरावायला तर सगळ्यात जास्त वेळ. स्थिर झाल्यावर अर्धा-एक मिनिटाची सरासरी घ्या. सगळ्या इन्स्ट्रुमेंटची घड्याळं एकमेकांशी जुळवून ठेवा, हे सांगायची गरज नसावी पण असते.

इंधनाचं सॅम्पल त्याच दिवशी टाकीतून घ्या. त्यात ॲरोमॅटिक्स (बेंझिनसारख्या कड्यांचे हायड्रोकार्बन), नॅफ्थलीन, हायड्रोजन, सल्फर किती ते तपासा. काजळी इंधनावर इतकी अवलंबून असते की ॲरोमॅटिक्स कमी असलेलं, हायड्रोजन जास्त असलेलं इंधन टाकलं की तेच इंजिन लगेच स्वच्छ दिसतं, खास करून कमी थ्रस्टला. इंधनाचा रिपोर्ट नसेल तर दोन महिन्यांनी घेतलेल्या दुसऱ्या रनशी तुलना करायला तोंडच राहत नाही.

आकडा काढायचा कसा

शेवटी हवा असतो एमिशन इंडेक्स, म्हणजे एक किलो इंधन जळल्यावर किती मिलिग्रॅम काजळी आणि किती कण. याची किल्ली सीओटू आहे. समजा कच्च्या धुरात सीओटू ३ टक्के आणि डायल्यूटरनंतर ०.३ टक्के, म्हणजे डायल्यूशन १० पट. मास इन्स्ट्रुमेंट दाखवतंय घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम, शून्य अंश नि एक ॲटमॉस्फिअरला आणून. शून्य अंशाला सीओटूची घनता साधारण १.९६ किलो प्रति घनमीटर, त्याचा ०.३ टक्के म्हणजे ५.९ ग्रॅम. एक किलो केरोसीन जळून ३.१६ किलो सीओटू होतो, म्हणजे त्या एका घनमीटरमागे १.८६ ग्रॅम इंधन जळलं. ५० मायक्रोग्रॅम भागिले १.८६ ग्रॅम, उत्तर साधारण २७ मिलिग्रॅम प्रति किलो. बघा, इंजिनाचा फ्लो, नोझलचा एरिया काहीच लागलं नाही. या हिशोबात मी बाहेरच्या हवेतला सीओटू सोडून दिलाय, त्याने दीडेक टक्क्याची चूक येते, आणि आयडलला सीओ नि हायड्रोकार्बनमधला कार्बनही धरावा लागतो, पूर्ण फॉर्म्युल्यात ते सगळं आहे.

यात डायल्यूटरनंतरचा सीओटू ०.३ टक्के म्हणजे ३००० पीपीएम आहे हे ध्यानात घ्या. त्यासाठी वेगळा, कमी रेंजचा ॲनालायझर लागतो. कच्च्या धुराचाच ॲनालायझर वापरला तर तो रेंजच्या तळाशी चालतो आणि त्याची ५ टक्के चूक सरळ तुमच्या काजळीत ५ टक्के चूक होऊन बसते. लोक काजळीच्या इन्स्ट्रुमेंटवर लाखो खर्च करतात आणि सीओटूचा स्पॅन गॅस (ॲनालायझर जुळवायचा माहीत प्रमाणाचा गॅस) जुना वापरतात.

आता थर्मोफोरेसिसची दुरुस्ती. फॅक्टर म्हणजे एक्झॉस्टचं तापमान भागिले लाइनचं तापमान, दोन्ही केल्व्हिनमध्ये, त्याचा ०.३८ वा घात. एक्झॉस्ट ८५० केल्व्हिन नि लाइन ४३३ केल्व्हिन असेल तर १.२९. आपले २७ झाले ३५. एवढा फरक! आणि बरेच लोक हे केलंय की नाही तेही लिहीत नाहीत.

उरलं डिफ्युजन वगैरे, जे आकारावर अवलंबून आहे. त्यासाठी एसएईची एआरपी ६४८१ ही पद्धत आहे आणि ती हुशार आहे. समजा त्याच सॅम्पलमध्ये, रिमूव्हरमधलं दुसरं डायल्यूशन हिशोबात धरून, घनसेंटिमीटरला ५ लाख कण आहेत. ५० मायक्रोग्रॅम भागिले घनमीटरमधले कण, म्हणजे सरासरी एका कणाचं वजन ०.१ फेम्टोग्रॅम. घनता १ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर धरली तर एवढ्या वजनाचा गोळा ५८ नॅनोमीटरचा. पण ही झाली वजनाची सरासरी, आकारांचं वाटप लॉगनॉर्मल (लॉग स्केलवर घंटेच्या आकाराचं) नि त्याचं जिओमेट्रिक स्टँडर्ड डेव्हिएशन (पसारा) १.८ धरलं तर मधला व्यास निघतो साधारण ३४ नॅनोमीटर. म्हणजे आकार न मोजता नुसत्या मास आणि नंबरच्या गुणोत्तरावरून आकाराचा अंदाज. मग प्रत्येक आकाराला लाइनमधून, रिमूव्हरमधून किती पार होतात ते लावून उलटं जायचं, एक्झिटला काय वाटप असायला पाहिजे म्हणजे इन्स्ट्रुमेंटला हेच गुणोत्तर दिसेल, ते कम्प्युटरवर पुन्हापुन्हा करून शोधायचं. माससाठी दुरुस्ती थोडी असते, नंबरसाठी दुप्पट आणि त्याहूनही जास्त होऊ शकते. घनता १ आणि डेव्हिएशन १.८ ही गृहीतकं आहेत, तुमच्या इंजिनाला ती लागू आहेतच असं नाही, म्हणून या पद्धतीने आलेल्या व्यासाला मोजलेला व्यास म्हणून कुठेही छापू नका.

आकार, घनता, रूप, रंग

सर्टिफिकेशन इथे संपतं, पण काजळी ढगाच्या शेपट्या कशा तयार करते, हवामानावर काय परिणाम करते हे बघायचं असेल तर इथे सुरू होतं. कॉन्ट्रेलमध्ये बर्फाचे स्फटिक काजळीच्या कणांवर बनतात, म्हणून तिथे वजनापेक्षा संख्या नि आकार महत्त्वाचे.

आकारासाठी एसएमपीएस (कण आकाराप्रमाणे एकामागून एक वेगळे करून मोजणारं इन्स्ट्रुमेंट) घ्या जर पॉइंट स्थिर असेल, एका स्कॅनला मिनिट-दोन मिनिटं लागतात पण तत्त्व स्वच्छ आहे, इलेक्ट्रिक फील्डमध्ये कण किती सरकतो यावरून. थ्रस्ट बदलताना काय होतं ते बघायचं असेल तर डीएमएस ५०० किंवा ईईपीएससारखं एका सेकंदात पूर्ण वाटप देणारं हवं, फक्त ही इन्स्ट्रुमेंट कणाचा चार्ज आणि रूप गृहीत धरून उत्तर काढतात, गोळ्यांसाठी बनवलेला मॅट्रिक्स (सिग्नलवरून आकार काढायचा तक्ता) घडांना लावला तर आकार घसरतो. दोन्ही असतील तर स्थिर पॉइंटला एकमेकांशी जुळवून घ्या. आणि आकार रिमूव्हरच्या मागे मोजला की पुढे ते नक्की लिहा, रिमूव्हरशिवाय आयडलला १५-२० नॅनोमीटरच्या खाली एक मोठं शिखर दिसलं तर ते बहुतेक वेळा थेंबांचं असतं.

घनतेसाठी आधी डीएमएने (इलेक्ट्रिक फील्डने एकाच आकाराचे कण वेगळे काढणारं यंत्र) एक आकार निवडायचा, तो माल सेंट्रिफ्यूजसारख्या फिरणाऱ्या मास ॲनालायझरमधून सोडायचा आणि त्या आकाराच्या कणाचं वजन काढायचं. गोळा समजून वजन भागिले आकारमान केलं की इफेक्टिव्ह डेन्सिटी. काजळीच्या मटेरियलची घनता १.८ च्या आसपास, पण घडात मोकळ्या जागा असतात म्हणून इफेक्टिव्ह घनता कमी येते, आणि कण जितका मोठा तितकी कमी. हे काम हळू चालतं, एका थ्रस्टला चार-पाच आकार करायचे तर इंजिन बराच वेळ स्थिर ठेवावं लागतं, ते बजेटमध्ये आधीच धरा.

मायक्रोस्कोपीसाठी टीईएम (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) ग्रिडवर कण जमवा, मूळ गोळ्यांचा व्यास मोजा, सहसा १०-२० नॅनोमीटरमध्ये येतो. दोन-चार छान फोटो म्हणजे मोजमाप नव्हे, शेकड्याने कण मोजा आणि ग्रिडवर चांगले दिसणारेच निवडू नका.

प्रकाशाच्या गुणधर्मांसाठी ॲबसॉर्प्शन आणि स्कॅटरिंग दोन्ही हवेत तरंगत्या कणांवर मोजा. फिल्टरवर मोजणारी इन्स्ट्रुमेंट स्वस्त नि सोपी असतात पण फिल्टरचे धागे प्रकाश इकडेतिकडे फेकतात, त्याची दुरुस्ती करता करता उत्तरच बदलतं. ताज्या काजळीचा मास ॲबसॉर्प्शन क्रॉस सेक्शन (एक ग्रॅम काजळी किती प्रकाश शोषते त्याचं माप) ५५० नॅनोमीटर वेव्हलेंग्थला ग्रॅममागे ७.५ चौरस मीटरच्या आसपास धरतात, तुमचा आकडा १५ आला तर नवीन भौतिकशास्त्र सापडलंय असं समजण्याआधी मासचं कॅलिब्रेशन बघा.

सगळ्यात अवघड केस शेवटी. लीन बर्न इंजिन हाय थ्रस्टला इतकी कमी काजळी टाकतं की एक्झॉस्टमधले कण बाहेरच्या हवेतल्या कणांच्या पातळीवर येतात, कधीकधी त्याच्याही खाली, कारण आत ओढलेल्या हवेतली काजळी कंबस्टरमध्ये जळून जाते. अशा वेळी बॅकग्राउंड वजा केलं तर उत्तर मायनस येतं. वजा करू नका, आणि मायनसला शून्यही करू नका. मोजलेला आकडा, बॅकग्राउंड आणि इन्स्ट्रुमेंटची डिटेक्शन लिमिट तिन्ही शेजारी-शेजारी द्या, मासच्या लिमिटखाली गेलात तर मास-नंबरच्या गुणोत्तरावरून केलेली दुरुस्तीही तिथे लावू नका, तो पॉइंट लिमिटपेक्षा कमी म्हणूनच टेबलमध्ये जाऊ दे.